दिसलं तं सांगू नये

ता. १४ जुलै १९७६, बुधवार

जगदेवा,

पहिले आली ते शेजारच्या सुंदरबाईची शेळी. मी ओट्यावर मूग पाखडत बसली होती, तिनं सरळ सुपातच तोंड घातलं. तिच्या मागं सुंदरबाई, धापा टाकत. मले वाटलं शेळीसाठी पळून राह्यली. तं म्हणे, तुळसाबाई, शेळी मरू द्या, मेडशीच्या गाडीतून तुमच्या घरचं माणूस उतरलं. मी म्हटलं, माह्या घरचं आता कोण उरलं उतरायले? तेवढ्यात बोरीच्या वळणावरून तुह्यी केशर आली. डोक्यावर पेटी अन् बोटाले एक पोरगी. दोन वेण्या, लाल फीत, एकाच पायात चप्पल. दुसरी गाडीतच राह्यली म्हणे. आता ते चप्पल रिसोडच्या डेपोत कोणाच्या कामाची, सांग बरं.

सात वर्षांनी माह्या ओट्यावर माह्या घरचं पाऊल पडलं, अन् ते बी अर्धं अनवाणी. मले हसू बी आलं अन् काय काय आलं.

पोरीले विचारलं, नाव काय वो तुह्यं? शाळेत सांगावं तसं ताठ उभं राहून तिनं बंदं नाव सांगतलं. सोजर. माह्या सासूचं नाव ठेवलंस तू, अन् मले एका शब्दानं कळवलं नाही. मी मीठ आणतो म्हणून घरात गेली. मीठ चुलीपाशीच होतं, पण पाच मिनिटं काही मले सापडलं नाही.

केशरची माय पडली, मांडीचं हाड मोडलं, म्हणून ते माहेरी रिसोडले चालली होती. वाटेत दोन दिवस इथं थांबली. तुह्या परवानगीनं थांबली की तिच्या मनानं, ते मी विचारलं नाही. पोरगी लय बोलते रे. कोणावर गेली ते सारं गाव एका दिवसात सांगून राह्यलं. मी भाकर थापली तं हे म्हणे, आजी, आमच्याकडं कोळशाची शेगडी आहे. मी धार काढली तं हे म्हणे, आजी, म्हशीले गुदगुल्या होत नाहीत का? कोणीतरी तिले सांगतलं की धामण म्हशीच्या पायाले वेढा घालून दूध पेते. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं मी म्हशीखाली बसून राह्यली, दूध पेणारे मी दोनच पाह्यले, एक पारडू अन् एक तुह्या बाप.

दुसऱ्या दिवशी शेवया केल्या होत्या. तिनं अर्ध्यातच ताट सारलं. ऊन लागलं असन.

आज सकाळच्या गाडीनं गेल्या. जाताना तिची अर्धी कोरी वही अन् पेन्सिल मले देऊन गेली, म्हणे, आजी, तुमी बाबाले पत्र लिवा. आजवर तुले जी दोन-चार कार्डं गेली ते पोस्टवाल्या नानाजीच्या हातची. हे माह्या हातचं. दुसरी पास आहे मी, इसरू नोको. जोडाक्षर चुकलं तं सांभाळून घे.

तुह्यी माय

ता. १७ जुलै, शनिवार

जगदेवा,

ऊन लागलं नव्हतं.

मागच्या पत्रात खोटं लिवलं, अन् ते पत्र मेडशीच्या पेटीत पडलं, आता काढता येत नाही. पोरगी इहिरीवर खेळायले गेली होती. तिथं पोरीपोरींचं भांडण झालं अन् एकीनं तिले म्हटलं, तुह्या बापानं नागोबा विकला. सापविक्याची पोर. आता ज्या पोरीनं म्हटलं ते सात वर्षांची बी नसन, तिनं काय पाह्यलं? घरात आयकलं तेच बोलली.

शेवयाचं ताट पुढं असताना सोजरनं मले विचारलं, "आजी, बाबानं साप विकले का?"

मी काय केलं असन? तिच्या ताटात अजून गूळ टाकला. तोंडात तीळ भिजत नाही अशी माह्यी कीर्ती, अन् त्या टायमाले मी गुळाचा डबा झाकत बसली. केशर चुलीपाशी बसली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् मंग पोरीले म्हणे, जेव गुपचूप. पोरगी जेवली नाही.

जाताना केशर पाया पडली तवा मी तिले विचारलं, तो काहून येत नाही? माह्यावर राग आहे का? ते म्हणे, "आत्याबाई, राग नाही त्यायचा. ते म्हणतात, मी गावात गेलो तं मायले आपल्या तोंडानं खरं सांगा लागन. म्हणून जात नाही."

गाडी गेली तरी मी तिथंच उभी होती. कंडक्टरनं हात केला तं मी बी केला.

अजून बी सांगतलं तिनं. पंचमीच्या दिवशी तू तव्यावर भाकर करू देत नाहीस, चिरू देत नाहीस, खाणीतली पाळी चुकवतोस. त्या दिवशी जमिनीत कुदळ मारणार नाही म्हणतोस, अन् पगार कापू देतोस. कोळशानं भिंतीवर नाग काढतोस, तो दरसाल वाकडाच येते म्हणे. लहानपणी बी वाकडाच काढायचा तू. मी त्याले गांडूळ म्हणायची.

तुह्या वावराचं आयक. तू गेल्यावर पह्यल्या साली उंदरं धुऱ्यात, बांधाच्या बिळात होते. दुसऱ्या साली कणगीत आले. सुंदरबाईच्या नातवाचं बोट पाळण्यात कुरतडलं. ज्वारी निसवली की खालून धाट कापत अन् कणीस बिळात नेत, अख्खं वावर झोपल्यासारखं दिसे. मंग कोणी तरी औषध आणलं, पिठाच्या गोळ्या करून बिळाबिळात टाकल्या. उंदरं मेले ते मेले, पण ते खाऊन कोठ्यातली मांजर मेली, चिंचेवरचं घुबडाचं जोडपं मेलं. पुढच्या साली उंदरं पहिल्यापेक्षा जास्त. दुष्काळात तं लोकायनं बिळं खोदून त्यातली कणसं काढून खाल्ली, आमी बी खाल्ली. त्या खोदाखोदीत धुरे पार मोडले. एखादी धामण उरली असती तं तिले राहायले जागा ठेवली नाही आमी.

तवा कुठी पारावर न्याय करणाऱ्या उकंडरावच्या तोंडून निंगालं, आपले राखणदार गेले. अन् लगेच पुढचा शब्द तुह्यं नाव. मी तिथंच उभी होती. माह्या डोक्यावर टोपलं होतं. मी टोपलं घेऊन घरी आली.

माय

ता. २१ जुलै, बुधवार

जगदेवा,

आज जे लिहून राह्यली ते तुले माहीत आहे. तरी माह्या हातानं लिवलं पायजे. चार दिवस पेन्सिल तासत बसली, अर्धी झाली.

माह्या सासूनं, सोजरबुढीनं, मले पहिलं लेकरू झाल्यावर नागोबाच्या बनात नेलं होतं. मोठ्या वारुळापासून नाल्यापर्यंत सोळा जागा. कुठी नागाचं ठाणं, कुठी धामण अंडी घालते, पह्यला पाऊस पडून उघडलं की कोणत्या दगडावर उन्हाले येतात. पळसाचं पान ओठात धरून जायचं, म्हणजे तोंडातून शब्द निंगत नाही. ते बोटानं दाखवे, मी मान हालवू. बाहेर आल्यावर पान काढलं अन् तिनं एकच सांगतलं, दिसलं तं सांगू नये. दिसला की हात जोडायचे, घरी येऊन चौकटीले हळदीचं बोट लावायचं. बोट पाहून गावाले कळते की दिसला. कुठी, ते कळत नाही. सासूनं सुनेले सांगायचं, सुनेनं तिच्या सुनेले. बनात कुऱ्हाड नाही, नांगर नाही, पंचमीचा पह्यला मान आपल्या घराचा, तो यापायी.

मले भाऊ नाही. तुह्यी मावशी अन् मी, दोघीच. पंचमीले साऱ्या बाया भावासाठी उपास धरत, मी नागासाठी धरू. वारुळापाशी माह्यं माहेर होतं असं समज.

त्या साली, जेठाच्या उन्हात, तो माणूस आला. खांद्याले झोळी, हातात नारळ. पाणी मागतलं. मी गुळाचा खडा देऊन पाणी देलं. मले अक्का म्हणाला. बनाकडं तोंड करून हात जोडले. म्हणे, मायच्या डोक्याले नागाचा दोष आहे, जागृत ठाणी पाहत फिरून राह्यलो. ओट्यावर बसला. तुह्या बाप जाऊन तवा सालभर झालं होतं. तू दिवसभर वावरात, केशर नवी नवरी, लाजून बोलत नव्हती. माह्यं बोलणं इतकं मन लावून कोणी आयकलं नव्हतं रे. मधात मधात म्हणे, मंग अक्का? अस्सं? मंग? अन् मी सांगत गेली. मी तं सासूचं कौतुक सांगून राह्यली होती, तिले किती ठावं होतं याचं. त्यात सोळाच्या सोळा जागा सांगतल्या. कोणता दगड, कोणतं ऊन, सारं.

तू बैल घेऊन आला, कोठ्यात बांधत होता. शेवटचं तू आयकलं. तो गेल्यावर मले विचारलं, "माय, कोण होता?" मी म्हटलं, पावना. तुह्या तोंडावरून मले समजलं की काही तरी चुकलं. पण मी म्हटलं, भला माणूस होता, नारळ चढवून गेला.

पह्यला पाऊस पडला, दोन दिवसांनी उघडलं. मेडशीचा बाजार होता, सारं गाव बाजारात. दिवसाढवळ्या चार जण आले, लोखंडी आकडे अन् पोती घेऊन. उकंडरावच्या गुराख्यानं दुरून पाह्यलं, त्याले वाटलं सरकारी मोजणी आहे.

नाल्यात आपण दोघंच गेलो होतो. सापांची कातडी तेवढी नेली अन् बाकी तिथंच टाकलं. पांढरं, ओलं, धुतलेल्या चिंध्यांवाणी. काही धामणी अजून हालत होत्या. धामणीच्या पोटात अंडी होती, ते फुटून वाळूवर आली होती. तू आपलं धोतर सोडून त्यात त्या गोळा केल्या अन् लंगोटावर उभं राहून खड्डा खोदला. मी उभी होती. माह्या हातून एक उचलली गेली नाही. तू मले काही म्हटलं नाही, तवा बी नाही.

मंग पारावर बैठक. त्या माणसानं मेडशीच्या हॉटेलात सांगतलं होतं म्हणे, मानकऱ्याच्या घरचंच माणूस फुटलं. उकंडरावनं विचारलं, तुळसाबाई, तुमच्या घरातून कोण बोललं? मी पदर तोंडाले लावला. मी बोलणार होती. खरं सांगतो, बोलणार होती. पण तू माह्या आधी उठला अन् म्हणाला, "मी सांगतलं." सासू-सुनेच्या जागा तुले कशा ठाव्या, हे कोणी विचारलं बी नाही.

तिथं बी मी गप राह्यली असती तं एक पाप. पण मी सगळ्यायच्या देखत म्हटलं, माह्या घरी जागा नाही तुले. जोरात म्हटलं, सगळ्यायले आयकू जावं म्हणून. तू मान खाली घातली. केशरनं पेटी भरली तवा मी चुलीपाशी पाठ करून बसली होती. सोजर तवा तिच्या पोटात होती, हे बी मले ठावं होतं.

त्या टायमाले पळसाचं पान कुठी होतं कोण जाणे. बोलायचं तिथं गप, गप बसायचं तिथं बोलली.

माय

ता. २५ जुलै, रविवार

जगदेवा,

सांगतलं.

पंचमीची तयारी करायले आज सारे पारावर जमणार होते. मी सकाळी अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली. सुंदरबाई म्हणे, आज काय लग्नाले चालली काय? मी म्हटलं, हो, वरातीत चल.

बाया एका बाजूले, माणसं एका बाजूले. मी मधात जाऊन उभी राह्यली. घरून ठरवून गेली होती की थोडक्यात सांगीन. मले थोडक्यात कुठी जमते. शेळीपासून सुरू केलं. उकंडराव म्हणे, तुळसाबाई, मुद्द्याचं बोला, लोकायले वावरात डवरे हाकायले जायचं आहे. मंग मी म्हटलं, "जगदेवनं सांगतलं नव्हतं. मी सांगतलं. माह्या ओट्यावर, माह्या तोंडानं."

 मले वाटलं कोणी दगड मारन, शिवी देईन. कोणी काही केलं नाही. ते लय वाईट असते. सुंदरबाई माह्यापाशी बसली होती, ते उठून दुसरीकडं जाऊन बसली. तीस वर्षं आमी एका चुलीचा इस्तव नेतो.

उकंडराव आता थकला. काठी टेकून उठला अन् माह्यासमोर आला. मंग म्हणे, "चूक करणारा इतक्या लवकर उठून उभा राहत नाही. तवाच मले समजायले पायजे होतं. सात वर्षं मी त्या पोराचं नाव घेऊन थुंकलो."

मंग म्हणे, पंचमीचा मान आता तुमचा नाही. मी म्हटलं, नाहीच. एका जणानं म्हटलं, घराचाच मान काढा. तवा उकंडराव म्हणे, घरानं काय केलं? सुनेनं कोणाले काही सांगतलं नाही. नवऱ्यावर आळ आला तरी तोंड उघडलं नाही. जिले इतकं गप राहता येते तिलेच ताट द्या.

तं पह्यली पूजा केशर करन. मी मागं उभी राहीन, बायायच्या मागं. मले मंजूर आहे.

घरी आली तं दारात सुंदरबाईची शेळी. सुंदरबाई नाही, नुसती शेळी. तिले सूप पुढं केलं. खाय म्हटलं बाई, तूच एक आली.

इहिरीवर ज्या पोरीनं म्हटलं होतं, तिच्या मायनं तिले आज धोपटलं. आवाज इथवर आला. मी जाऊन सोडवणार होती. पण कोणत्या तोंडानं सांगू की लेकराले मारू नोको?

माय

ता. २८ जुलै, बुधवार

जगदेवा,

वहीचं हे शेवटचं पान आहे, म्हणून अक्षर बारीक काढून राह्यली.

सुंदरबाई काल सांजच्याले आली. बोलली नाही. इस्तव नेला अन् गेली. चालते.

आज सकाळी मी बनाकडं गेली होती. वारुळ अर्धं ढासळलं, त्यावर तरवट उगवला. दरसाल मी तिथं दूध ओततो, अन् दरसाल ते मुंगळेच पेतात, हे मले सोजरबुढीच्या काळापासून ठावं आहे. दूध नागायले नोकोच असते. त्यायले उंदीर लागते, धुरा लागते, अन् आपण गप राहणं लागते. यंदा दूध पोरीले ठेवणार आहे.

तोंडात पान धरून गेली होती. अन् सोळापैकी एका जागी, ओल्या उन्हात, मले दिसली. धामण. हातभराची बी नसन, यंदाचीच पोर. पिवळी, कवळी, उन्हात लकाकत होती. एवढ्या वर्षांत कुठून आली, कोणाच्या पोटची, काय ठावं. मी हात जोडले. तिथंच खाली बसली, ते आपल्या मनानं गेली तवाच उठली.

कुठी दिसली ते लिहीत नाही. तुले बी नाही. घरी येऊन चौकटीले हळदीचं बोट लावलं. सात वर्षांत पह्यलं. पारावरून येता-जाता लोक थांबून त्या बोटाकडं पाहून राह्यले. विचारलं कोणीच नाही. उकंडरावनं लांबूनच हात जोडले.

त्या जागा आता फक्त माह्यापाशी आहेत अन् मी साठीच्या पुढं गेली. केशर आली की तिले घेऊन जाईन, बोटानं दाखवीन. पोरीच्या ओठात बी एक पान देईन, तिले सगळ्यायपेक्षा मोठं द्या लागन.

तू येशील की नाही हे मी विचारत नाही. मले विचारायचा हक्क नाही. फक्त एवढं सांगतो, की आता तू गावात आला तं मायले काही सांगा लागणार नाही. सांगून झालं. मायनं जागा नाही म्हटलं होतं, ते बी परत घेतलं, पारावरच, सगळ्यायच्या देखत. तुह्यं जुनं धोतर तं नाल्यात गेलं. नवं घेऊन ठेवलं आहे, खुंटीवर आहे.

साऱ्या पोरी पंचमीले माहेरी जातात, तुह्यी बायको माहेरून सासरी येऊन राह्यली. शनिवारी पंचमी. केशर अन् सोजर आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो म्हणून जातानाच सांगून गेल्या.